पाच नावं ओळखा, वडापाव जिंका

ऑस्करची नॉमिनेशन्स एरवी जानेवारीत जाहीर होतात. लॉस एंजेलिसला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि आपल्या हॉस्टेलवर संध्याकाळचे सात. म्हणजे मेस उघडायच्या जरा आधी. त्यामुळे अभिनयाची पाच नावं आधी ओळखायची आणि हरणाऱ्याने कॅन्टीनचा वडापाव खिलवायचा, ही आमच्या विंगची पैज पोटाच्या दृष्टीने अगदी योग्य वेळेला येते. (आधी पैज जर्नल लिहून द्यायची होती. स्टाफने हे कंसातलं वाचू नये.)

यंदा मी फायनलला. प्रोजेक्ट आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या गडबडीत माझं पैजेचं शीट भरायचं राहूनच गेलं. सेकंड इयरची पोरं रूमवर आली आणि म्हणाली, "तुमचं ते एक्सेल द्या." दिलं. पण दुसऱ्याच्या जर्नलमधली रीडिंग्ज कॉपी केली की व्हायवाला काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून हा लेख. आकडे त्यांच्याकडे आहेतच, ते कसे वाचायचे ते इथे सांगतो. तीन वर्षं मी हे वाचायला चुकलो आणि दर वेळी वेगळ्या कारणाने चुकलो.

पहिलं वर्ष : चारही थर्मामीटर एकाच बीकरमध्ये

जानेवारी २०२३. मी फर्स्ट इयरला, एक्सेल नुकतंच शिकलेलो. प्रश्न होता २०२२ च्या चित्रपटांतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी कोणाकोणाला नामांकन मिळणार. माझी पद्धत एकदम इंजिनियरिंगची. ऑस्करच्या आधी चार मोठे पुरस्कार येतात : गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा म्हणजे 'सॅग' (२०२६ पासून याचं नाव ॲक्टर अवॉर्ड्स झालं) आणि ब्रिटिशांचा बाफ्टा. ज्या नटीला या चारांत जास्तीत जास्त नामांकनं, ती वर. बेरीज करा, सॉर्ट करा, पहिली पाच उचला. झालं.

व्हायोला डेव्हिसला 'द वूमन किंग'साठी चारपैकी चार मिळालेली. 'टिल' या चित्रपटातल्या डॅनिएल डेडवायलरला तीन. केट ब्लँचेट, मिशेल यो आणि आना दे आर्मास या बाकीच्या तिघी. सॅगची पाच नावंही हुबेहूब हीच होती. मी इतका निर्धास्त होतो की वडापावबरोबर कटिंग चहासुद्धा लावला.

सात वाजता नावं आली. ब्लँचेट, दे आर्मास, मिशेल विल्यम्स, मिशेल यो, आणि अँड्रिया राइझबरो. डेव्हिस नाही, डेडवायलर नाही. राइझबरो कोण हे कॉमन रूममध्ये एकालाही सांगता येईना. तिचा चित्रपट 'टू लेस्ली'. लॉटरी जिंकून सगळे पैसे दारूत उडवलेल्या टेक्ससमधल्या एका आईची गोष्ट. तोवर अमेरिकेतल्या थिएटरांतून त्याची कमाई जेमतेम २७ हजार डॉलर. आणि माझ्या एक्सेलमधल्या चारही पुरस्कारांत तिचं नाव शून्य वेळा.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी तोंड पाडून बसलेलो. आमच्या लॅबचे काका हॉलिवूडमधलं काही बघत नाहीत, त्यांची दौड सचिन आणि अशोक सराफपर्यंत. त्यांनी काय झालं विचारलं. मी म्हटलं, "काका, चार ठिकाणचं रीडिंग सारखं आलं होतं, तरी उत्तर चुकलं." काकांनी बीकर पुसता पुसता विचारलं, "एकाच बीकरमध्ये चार थर्मामीटर बुडवलेस, चारही ऐंशी दाखवतात. म्हणून खोलीचं तापमान ऐंशी होतं का रे?"

हा माझा पहिला धडा. हे चार पुरस्कार म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत. सगळ्यांपुढे त्याच स्टुडिओंच्या जाहिराती, तेच चित्रपट आणि एकमेकांच्या याद्या असतात. चार वेळा नाव आलं म्हणजे चौपट खात्री असं धरता येत नाही. आणि खरा प्रश्न असा, की थर्मामीटर ज्या बीकरमध्ये आहे ते ऑस्करचंच आहे का?

मत कोण देतं?

गोल्डन ग्लोब पत्रकार देतात. पूर्वी हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांची शंभराहूनही लहान संघटना होती. २०२३ मध्ये तो पुरस्कार विकला गेला, संघटना बंद झाली आणि आता देशोदेशीचे सुमारे तीनशे जण मत देतात. शिवाय तिथे 'ड्रामा' आणि 'कॉमेडी-म्युझिकल' अशा दोन याद्या असतात, आणि हल्ली प्रत्येकीत सहा नावं. म्हणजे नायिकांचीच बारा. बारांत नाव येणं आणि पाचांत येणं यात फरक आहे. क्रिटिक्स चॉइस नावाप्रमाणेच समीक्षकांचा.

ऑस्करचं तसं नाही. तिथे अंतिम विजेता अकादमीचे सगळे सभासद निवडतात, पण अभिनयाची नामांकनं फक्त नट-नट्यांची शाखा ठरवते. संकलकांची नामांकनं संकलक ठरवतात, तशी नटांची नट. ही अकादमीतली सर्वात मोठी शाखा, सुमारे तेराशे जणांची. तेव्हा आपल्याला भविष्य वर्तवायचंय ते या तेराशे जणांचं. पत्रकारांचं नव्हे, प्रेक्षकांचं नव्हे, आणि रूम नंबर ११४ चं तर नव्हेच.

सॅग यातल्या त्यात जवळचं, कारण तिथेही मत देणारे कलाकारच. पण तिथली नामांकनं ठरवतात संघटनेतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले दोन हजारांहून जास्त सभासद. त्यांत टीव्ही मालिकांत काम करणारे, छोटी कामं करणारे असे पुष्कळ, आणि जवळजवळ सगळे अमेरिकेतले. उलट अकादमी गेल्या दहा वर्षांत बदलली आहे. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना गेली आणि खूप बोंबाबोंब झाली. त्यानंतर अकादमीने जगभरातून नवे सभासद बोलावले. २०१७ च्या निमंत्रितांत आपले अमिताभ बच्चन, आमिर खान आणि इरफान खान यांचीही नावं होती. परिणाम असा, की २०१० च्या आधीच्या डेटावर बांधलेला अंदाज आता चालत नाही. मशीन तेच दिसतं, आतला मोटर मात्र बदललेला.

मी सॅगच्या याद्या ऑस्करशी ताडून पाहिल्या. २०२० ते २०२४ या पाच वर्षांच्या चित्रपटांसाठी नायकांच्या पंचवीस नावांपैकी तेवीस सॅगमध्ये आधीच होती. नायिकांच्या पंचवीसपैकी अठरा. एकच सेन्सर, एका नळीत ९२ टक्के बरोबर आणि दुसऱ्या नळीत ७२. पाच वर्षांचा डेटा म्हणजे काही मोठा डेटा नव्हे, त्यावर कर्व्ह फिट करायला जाऊ नका. पण पैज लावायचीच तर नायकांच्या यादीत सॅगवर भरवसा ठेवा आणि नायिकांच्या यादीत किमान एक जागा सॅगबाहेरच्या नावासाठी मोकळी ठेवा, इतकं नक्की सांगतो.

बाफ्टाचं तर विचारूच नका. २०२० मध्ये त्यांनी नियम बदलले, यादी सहा नावांची केली आणि काही जागा ज्युरीच्या हातात दिल्या. त्यानंतर पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, 'द व्हाइट टायगर'साठी आपल्या आदर्श गौरवचं नाव बाफ्टाच्या नायकांत आलं. ऑस्करच्या पाचांत ते नव्हतं. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, बाफ्टाच्या सहा नायिका आणि ऑस्करच्या पाच नायिका यांच्यात एकही नाव सारखं नव्हतं. शून्य! बाफ्टाची निवड वाईट होती असं नाही. ते थर्मामीटर आता वेगळं काहीतरी मोजतं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या पसंतीची मतं

आता मुख्य गंमत. मतं मोजतात कशी? हे कळल्याशिवाय राइझबरो कळत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाने पाच नावं लिहायची, ज्यांना जास्त मतं ते पाच जण आत. नाही. इथली पद्धत आपल्या राज्यसभेच्या किंवा पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीच्या जातीची आहे. २०२२ च्या जूनमध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी अख्खा महाराष्ट्र पहाटेपर्यंत जागा होता, आठवतं? कोटा, पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं. तेच हे.

आपल्या मेसच्या फीस्टवर करून बघू. साठ पोरं, फीस्टला पाच पदार्थ निवडायचे, रिंगणात सात. प्रत्येकाने पसंतीक्रम लिहायचा. कोटा काढायचा असा : साठ भागिले (जागा पाच अधिक एक) म्हणजे सहा, आले दहा. त्यात एक मिळवा. अकरा. अकराच का? पाच जणांना प्रत्येकी अकरा दिली की पंचावन्न संपली, उरली पाच. सहाव्याला अकरा मिळणं शक्यच नाही. म्हणजे ज्याला अकरा, त्याची जागा पक्की.

पहिल्या पसंतीची मतं समजा अशी पडली :

गुलाबजाम १३, पावभाजी १२, श्रीखंड ११, मिसळ ९, पुरणपोळी ९, थालीपीठ ६, फ्रूट सॅलड ०.

फ्रूट सॅलड साठच्या साठ पत्रिकांवर आहे, पण प्रत्येकाच्या तिसऱ्या नंबरला. कोणाला विचारा, "फ्रूट सॅलड? हो, चालेल की!" आता मोजा. गुलाबजाम, पावभाजी, श्रीखंड कोटा गाठून आत. मग सर्वात कमी मतांचा पदार्थ बाद. कोण? फ्रूट सॅलड, पहिल्याच फेरीत. त्यानंतर सहा मतांचं थालीपीठ बाद. त्या सहा पत्रिका फेकत नाहीत, त्यांची दुसरी पसंती बघतात. चार मिसळीकडे गेल्या, ती तेरावर. दोन पुरणपोळीकडे, ती अकरावर. पाच पदार्थ झाले.

साध्या पद्धतीने 'आवडतं का?' एवढंच विचारलं असतं तर फ्रूट सॅलड साठपैकी साठ घेऊन पहिलं आलं असतं. इथे ते सर्वात आधी घरी गेलं. कारण एक पत्रिका शेवटी एकाच्याच कामी येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरापर्यंत मोजणी पोचायच्या आत तुम्ही रिंगणात जिवंत असावं लागतं. (कोट्यापेक्षा फारच जास्त मतं कोणाला पडली तर जादा मतांचा हिस्सा पुढच्या पसंतीला जातो, पण ते बारकावे सध्या सोडून देऊ.)

आता हेच गणित तेराशे नटांवर करा. तेराशे भागिले सहा, अधिक एक. झाले २१७. सगळ्यांनी मत दिलं नाही तर त्याहूनही कमी. म्हणजे ऑस्करच्या नामांकनासाठी जगाला आवडायची गरज नाही. दोनशे-सव्वादोनशे नटांनी तुमचं नाव पहिल्या क्रमांकावर लिहिलं की काम झालं.

'टू लेस्ली'च्या बाबतीत नेमकं हेच घडलं. दिग्दर्शक मायकल मॉरिस आणि त्याच्या मित्रमंडळींकडे मोठ्या जाहिरातींचे पैसे नव्हते. त्यांनी ओळखीच्या नटांना चित्रपट बघायला लावला. ग्विनेथ पॅल्ट्रो, एडवर्ड नॉर्टन, केट विन्स्लेट अशा लोकांनी जाहीरपणे राइझबरोचं कौतुक केलं. मतदानाच्या आठवड्यातच केट ब्लँचेटने क्रिटिक्स चॉइसचा पुरस्कार घेताना भाषणात तिचं नाव घेतलं. बघणारे थोडे, पण ज्यांनी बघितलं त्यांच्यातल्या पुष्कळांनी तिला वर लिहिलं असणार. या प्रचाराची अकादमीने चौकशी केली, काही गोष्टींवर नाराजी व्यक्त केली, नामांकन मात्र कायम ठेवलं, आणि २०२३ मध्येच प्रचाराचे नियम आणखी कडक केले.

प्रचार हा शब्द वाचून दचकू नका. 'श्वास' हा मराठी चित्रपट २००४ मध्ये भारताकडून ऑस्करला गेला, तेव्हा तिकडे तो सभासदांना दाखवण्याच्या खर्चासाठी इथे लोकांनी वर्गणी काढली होती, हे घरच्या मोठ्यांना विचारा. सिनेमा कितीही चांगला असो, मतदाराने तो पाहिलाच नाही तर पसंतीक्रम कुठून येणार?

नायिका की सहनायिका? तेही मतदारच ठरवतो

अजून एक खड्डा दाखवतो. स्टुडिओ जाहिरात करतो की अमुक नटीचं काम 'सहायक' धरा. बहुतेक पुरस्कार ते मानतात. ऑस्करमध्ये मात्र नटमंडळी मनाला येईल त्या यादीत नाव लिहू शकतात, आणि ज्या यादीत आधी कोटा भरेल ती खरी.

२००८ च्या 'द रीडर'साठी केट विन्स्लेटला गोल्डन ग्लोब आणि सॅग दोन्ही मिळाले ते सहायक अभिनेत्री म्हणून. ऑस्करच्या मतदारांनी त्याच कामाला मुख्य अभिनेत्रीच्या यादीत टाकलं, आणि ती जिंकलीसुद्धा. २०२१ मध्ये उलटं. 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'साठी लाकीथ स्टॅनफिल्डचा प्रचार नायक म्हणून झाला, नामांकन आलं सहायकमध्ये. त्याचा सहकलाकार डॅनियल कालूया हाही तिथेच. दोघं सहायक, तर चित्रपटाचा नायक कोण, यावर त्या वर्षी चिक्कार विनोद झाले. तेव्हा शीटमध्ये नाव लिहिताना ते कुठल्या यादीत पडू शकतं याचाही विचार करा.

दुसरं आणि तिसरं वर्ष

सेकंड इयरला मी शहाणा झालो होतो. जानेवारी २०२४. सॅगच्या पाच नायिकांपैकी एक काढून तिथे सांड्रा ह्यूलरला घेतलं. जर्मन नटी, फ्रेंच चित्रपट 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल', आणि अकादमीत आता परदेशी मतदार भरपूर. ते बरोबर आलं. पण जागा करायला मी काढलं कोणाला? 'न्याड'च्या ॲनेट बेनिंगला. आणि ठेवलं कोणाला? 'बार्बी'च्या मार्गो रॉबीला. चारही पुरस्कारांत रॉबीचं नाव होतं, आणि 'बार्बी' तर हॉस्टेलमधल्या पोरांनी 'ओपनहायमर'बरोबर एकाच दिवशी पाहिलेला. निकाल : बेनिंग आत, रॉबी बाहेर. पाचात चार.

फ्रूट सॅलड आठवा. रॉबी सगळ्यांना आवडली असेल, पण पहिल्या क्रमांकावर लिहिणारे किती? बेनिंगला नटमंडळींत वर्षानुवर्षांचा मान. तिचे दोनशे जण कुठे आहेत, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

थर्ड इयरला नियम पाठ होते, आणि तरी मी ते मोडले. जानेवारी २०२५. डेमी मूर, मायकी मॅडिसन, सिंथिया एरिव्हो, कार्ला सोफिया गास्कोन ही चार नावं मी आणि रूम पार्टनर दोघांनीही लिहिली. पाचवं मी लिहिलं मारियान जाँ-बाप्टिस्ट, 'हार्ड ट्रुथ्स'. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि राष्ट्रीय अशा तिन्ही मोठ्या समीक्षक मंडळांनी तिला निवडलं होतं. रूम पार्टनरने लिहिलं ब्राझीलची फर्नांडा टोरेस. मी हसलो. तिला सॅग नाही, बाफ्टा नाही. तो म्हणाला, "पाच तारखेला गोल्डन ग्लोब जिंकली ना? आठ तारखेपासून मतदान सुरू. अजून सगळ्यांच्या डोक्यात तीच आहे." त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे मतदानाची मुदत वाढली आणि नावं २३ जानेवारीला आली. म्हणजे तिचा चित्रपट बघायला लोकांना आणखी दिवस मिळाले. टोरेस आत. तिच्या 'आय ॲम स्टिल हिअर'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही नामांकन. 'हार्ड ट्रुथ्स'ला एकही नाही.

मला हे आधी दिसायला हवं होतं. 'हार्ड ट्रुथ्स'चे दिग्दर्शक माइक ली. त्यांच्याच २००८ च्या 'हॅपी-गो-लकी'साठी सॅली हॉकिन्सला हीच तिन्ही समीक्षक मंडळं आणि वर गोल्डन ग्लोब मिळाला होता, तरी ऑस्करचं नामांकन नाही. समीक्षक कितीही एकमताने बोलोत, त्यांच्या हातात पत्रिका नसते. माझ्या शीटमध्ये हॉकिन्सची ओळ होती. मी ती वाचूनसुद्धा सोडून दिली, कारण मला जाँ-बाप्टिस्ट हवी होती. अंदाज आणि इच्छा एकाच कॉलममध्ये लिहिल्या की असं होतं.

जे राहिले त्यांचं काय?

त्या संध्याकाळी वडापाव देताना रूम पार्टनर जिंकूनही गप्प होता. कारण महिन्यापूर्वीचं आमचं गॅदरिंग. एकांकिकेत त्याने म्हाताऱ्या पोस्टमनचं काम केलं होतं. पडद्यामागून मी बघत होतो, पहिल्या रांगेतल्या मॅडम डोळे पुसत होत्या. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांवर होतं, एका चिठ्ठीवर एकच नाव. विनोदी काम करणारा जिंकला, खलनायक दुसरा. याला सात मतं. नंतर आठवडाभर कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो म्हणे, "तुझं काम छान झालं हां!" शेवटी तो एकदा मला म्हणाला, "सगळ्यांना छान वाटलं, मग मतं गेली कुठं?" त्यानंतर त्याने ऑडिशनला जाणंच सोडलं.

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते फीस्टचं उदाहरण मी खरं तर त्याच्यासाठी बनवलं. वडापाव खाता खाता टिश्यूवर आकडे मांडून दाखवले. म्हटलं, तू फ्रूट सॅलड झालास रे. साठच्या साठ पत्रिकांवर होतास, फक्त त्या दिवशीच्या चिठ्ठीत दुसऱ्या नंबराला जागाच नव्हती. मोजणीने तुला शून्याच्या जवळ दाखवलं, पण मोजणी जे मोजत होती ते तुझं काम नव्हतंच.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे ती 'टिल'वाली पण अशीच?" बहुधा अशीच. तिला किती मतं पडली ते बाहेर कधीच सांगत नाहीत. त्या रात्री आम्ही लॅपटॉपवर 'टिल' पाहिला. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारलं, त्याच्या आईची ही खरी गोष्ट. शवपेटीचं झाकण उघडं ठेवा, माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला बघू दे, असं ठरवणारी आई. डेडवायलरने ते जे केलंय ते बघून आम्ही दोघं मेस बंद होईपर्यंत रूमबाहेर पडलो नाही. माझ्या एक्सेलमध्ये दोन वर्षं ती एक चुकलेली ओळ म्हणून पडून होती.

यंदाच्या गॅदरिंगला रूम पार्टनर पुन्हा स्टेजवर होता. बक्षीस मिळालं की नाही ते इथे लिहीत नाही, त्याने तशी अट घातली आहे.

तर ज्युनियर मंडळी, शीट वापरताना एवढं करा. 'कोण चांगलं?' असं विचारू नका. 'कोणाला पहिल्या क्रमांकावर लिहिणारे दोनशे नट आहेत?' असं विचारा. सॅगला सर्वात जास्त वजन द्या, पण नायिकांत एक जागा मोकळी सोडा. मतदानाच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्या आठवड्यात कोण भाषण करतंय ते बघा. नटाबरोबर चित्रपटालाही इतर नामांकनं मिळायची लक्षणं आहेत का ते तपासा. आणि तुम्हाला मनापासून कोण हवंय ते वेगळ्या कॉलममध्ये लिहा.

शीटच्या शेवटी मी एक नवा टॅब जोडलाय. नाव 'राहिलेले'. दर वर्षी ज्यांचं नाव येईल असं वाटलं आणि आलं नाही, ते सगळे चित्रपट तिथे. पैज संपली की त्यातला एक तरी बघा. व्हायवा घ्यायला मी नसेन, पण लॅबचे काका आहेत. हल्ली तेही विचारतात, "काय रे, या वेळी कोण राहिलं?"